कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये हवा की बाहेर? १६ वर्षं लपलेल्या एका चुकीने हा प्रश्न तुमच्या खिशापर्यंत कसा आणला?

नवी मुंबईत राहणारा माणूस दिवसभरात किती कॅमेऱ्यांसमोरून जातो, याचा कधी विचार केलाय?

सकाळी सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही. मग लिफ्टमधला. स्टेशनचा जिना, फलाट. ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसात शिरताना आणखी एक. दिवसभर लॅपटॉपच्या डोक्यावरचा वेबकॅम आणि खिशात मोबाइलचे तीन-चार कॅमेरे. पुण्याला निघालात तर कळंबोलीनंतर एक्सप्रेसवेवर वेग मोजून चलान पाठवणारे कॅमेरे आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर डिजियात्रा वापरली, तर चेहरा पाहून आत सोडणारा कॅमेराही आहे.

यातल्या प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक छोटा प्रोग्राम चालू असतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. हा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या किंवा मोबाइलच्या नेमक्या कोणत्या भागात बसवायचा, यावर जगभरातले इंजिनिअर अनेक वर्षं वाद घालत आहेत.

वरवर पाहता हा प्रश्न फक्त इंजिनिअर लोकांचा वाटतो. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये समोर आलेल्या एका प्रकरणानंतर तो तसा राहिलेला नाही. लॉक केलेला मोबाइल पासवर्डशिवाय उघडण्यासाठी जी साखळी वापरली गेली, तिची एक कडी होती कॅमेऱ्याचा ड्रायव्हर.

सोप्या भाषेत समजून घेऊया.

कर्नल म्हणजे काय आणि युजरस्पेस म्हणजे काय?

खारघरमधली एखादी बारा मजली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. खाली मीटर रूम आहे, पंप रूम आहे, वर लिफ्टची मशीन रूम आहे. या खोल्यांच्या चाव्या सगळ्यांकडे नसतात. बाकी रहिवासी आपापल्या फ्लॅटमध्ये राहतात.

एखाद्याने आपल्या फ्लॅटमध्ये चुकीची वायर जोडली, तर फार तर त्याच्या घरचा फ्यूज उडेल. पण मीटर रूममध्ये गेलेल्या वायरमनकडून तीच चूक झाली, तर अख्खी इमारत अंधारात जाईल. आणि मीटर रूममध्ये चोर शिरला, तर तो कुणाच्याही घरची वीज बंद करू शकतो.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'कर्नल' म्हणजे या चाव्यांच्या खोल्या. मेमरी कुणाला किती द्यायची, कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी मिळणार, कोण कोणती फाइल वाचू शकतो, हे सगळं कर्नल ठरवतं. त्याला प्रत्येक ठिकाणी प्रवेश असतो.

'युजरस्पेस' म्हणजे फ्लॅट. व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, बँकेचं अ‍ॅप हे सगळे तिथे राहतात. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. एक अ‍ॅप बंद पडलं, तरी बाकीची चालू राहतात.

ड्रायव्हर हा या सोसायटीतला वायरमन. त्याला हार्डवेअरला हात लावायचा असतो, म्हणून परंपरेने त्याला कर्नलची चावी दिली जाते. म्हणजे वादाचा मुद्दा एवढाच, की कॅमेऱ्याच्या वायरमनला मास्टर चावी द्यायची, की त्याला फक्त लागणारी एकच खोली उघडून द्यायची?

कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नेमकं काय करतो?

कॅमेऱ्याचं काम दोन भागांत विभागता येतं.

पहिला भाग हार्डवेअरशी बोलण्याचा. सेन्सर चालू करायचा, त्याला घड्याळाचे ठोके द्यायचे, एक्स्पोजर आणि गेनचे आकडे लिहायचे, आणि येणारा डेटा मेमरीत योग्य जागी उतरवून घ्यायचा. हे काम वेळेवर झालं पाहिजे. सेकंदाला ३० फ्रेम येत असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात.

दुसरा भाग चित्र तयार करण्याचा. सेन्सरमधून जे येतं तो फोटो नसतो. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद असते. त्यातून पूर्ण रंग भरायचे, ट्यूबलाइटखालचा पांढरा शर्ट पिवळट दिसू द्यायचा नाही, चेहऱ्यावर उजेड किती ठेवायचा ते ठरवायचं. हा सगळा हिशेब दर फ्रेमला करावा लागतो, आणि तो प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा असतो.

पहिल्या भागाला हार्डवेअरच्या जवळ राहण्याची गरज आहे. दुसऱ्या भागाला ती फारशी नाही. सगळा वाद या दोन भागांमधली सीमारेषा कुठे आखायची यावर आहे.

लॉक केलेला मोबाइल कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमधून कसा उघडला?

२८ फेब्रुवारी २०२५ ला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने एक अहवाल प्रसिद्ध केला. सर्बियात आंदोलनात सहभागी असलेल्या एका विद्यार्थ्याचा अँड्रॉइड फोन डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना उघडण्यात आला, असं त्यात म्हटलं होतं. त्यासाठी सेलेब्राइट या इस्रायली कंपनीचं साधन वापरलं गेलं. अहवाल येण्याच्या काही दिवस आधी कंपनीने सर्बियातल्या काही ग्राहकांना आपलं उत्पादन वापरण्यापासून रोखल्याचं जाहीर केलं.

फोनला यूएसबी केबल लावली गेली. पलीकडच्या यंत्राने फोनला सांगितलं, की 'मी एक वेबकॅम आहे.' प्रत्यक्षात वेबकॅम नव्हताच. पण फोनमधल्या लिनक्स कर्नलने नेहमीप्रमाणे आपला वेबकॅमचा ड्रायव्हर पुढे केला. स्क्रीन लॉक होती, पण कर्नल जागंच होतं.

इथे वापरलेल्या चुकीचा क्रमांक आहे सीव्हीई-२०२४-५३१०४. या साखळीत यूएसबी साउंड कार्ड आणि कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या ड्रायव्हरमधल्या त्रुटींचाही समावेश होता, असं अ‍ॅम्नेस्टीने म्हटलं.

चूक होती तरी काय?

वेबकॅम जोडला की तो आपली माहिती सांगतो. मी अमुक आकाराची चित्रं देऊ शकतो, तमुक प्रकारची देऊ शकतो, अशी एक यादी तो पाठवतो. ड्रायव्हर ही यादी दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत मोजतो, की किती नोंदी आहेत आणि किती मेमरी लागेल. दुसऱ्या फेरीत त्या नोंदी मेमरीत लिहून घेतो.

आता लग्नाची पंगत आठवा. आचाऱ्याने पाहुणे मोजले, तेवढीच पानं मांडली. पण मोजताना 'अनोळखी' पाहुणे धरलेच नाहीत. वाढायच्या वेळी मात्र अनोळखी पाहुणेही येऊन बसले. पानं संपली, आणि ते शेजारच्या हॉलमधल्या पंगतीत शिरले.

ड्रायव्हरमध्ये हेच झालं. 'अनडिफाइन्ड' प्रकारच्या नोंदी पहिल्या फेरीत मोजल्या जात नव्हत्या, दुसऱ्या फेरीत मात्र लिहिल्या जात होत्या. खोट्या वेबकॅमने मुद्दाम तशा नोंदी पाठवल्या, की त्या ठरलेल्या जागेबाहेर, कर्नलच्या दुसऱ्याच मेमरीवर लिहिल्या जायच्या. आणि कर्नलच्या मेमरीत आपल्याला हवं ते लिहिता आलं, म्हणजे मास्टर चावी हाती लागण्याचा रस्ता खुला झाला.

ही चूक लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीपासून होती. ती जुलै २००८ मध्ये आली होती. म्हणजे चूक तब्बल १६ वर्षं तशीच होती. दुरुस्ती निघाली एक अट वाढवण्याइतकी छोटी. गुगलने फेब्रुवारी २०२५ च्या अँड्रॉइड सुरक्षा अपडेटमध्ये ती दिली आणि या त्रुटीचा 'मर्यादित, ठरावीक लोकांवर' वापर होत असल्याचे संकेत असल्याचं सांगितलं.

हाच ड्रायव्हर युजरस्पेसमध्ये असता तर?

चूक तीच राहिली असती. यादी चुकीचीच मोजली गेली असती. पण जागेबाहेर लिहिलं गेलं असतं ते त्या एका प्रोग्रामच्या मेमरीत, कर्नलच्या नव्हे. हल्लेखोराच्या हाती एका फ्लॅटचा ताबा आला असता. तिथून मीटर रूमपर्यंत जायला त्याला आणखी एखादी वेगळी चूक शोधावी लागली असती.

युजरस्पेसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद यातच आहे. चुका होणारच. लिनक्स कर्नलचा कोड आता चार कोटी ओळींच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा आहे. एवढ्या ओळी बिनचूक लिहिणं कुणालाच शक्य नाही. मग निदान चुकीचा फटका किती दूर जाईल, हे तरी आपल्या हातात ठेवावं.

या मुद्द्याचा दुसरा चेहरा मुंबई-नवी मुंबईकरांनी १९ जुलै २०२४ ला पाहिला. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नव्हता, पण प्रश्न हाच होता. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये चालतं. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्याची एक सदोष फाइल जगभर गेली. सव्वा तासात ती मागे घेतली गेली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले होते.

मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर चेक-इन हाताने करावं लागलं. एकट्या इंडिगोची जवळपास दोनशे उड्डाणं रद्द झाली. साधं अ‍ॅप असतं तर ते बंद पडलं असतं आणि पुन्हा चालू करता आलं असतं. कर्नलमध्ये असल्यामुळे अख्खं मशीन बसलं, आणि अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जाऊन ते दुरुस्त करावं लागलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवता येईल अशी व्यवस्था करायला घेतली.

मग सगळे ड्रायव्हर सरळ बाहेरच का काढत नाहीत?

कारण दुसऱ्या बाजूचे मुद्देही पक्के आहेत.

पहिला मुद्दा वेगाचा. फुल एचडी व्हिडिओ कॉम्प्रेस न करता सेकंदाला ३० फ्रेमने आला, तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाईट डेटा होतो. दहा मिनिटांच्या कॉलमध्ये साधारण ७४ गिगाबाईट. हा डेटा कर्नलमधून बाहेर, तिथून परत आत, पुन्हा दुसऱ्या अ‍ॅपकडे असा कॉपी करत बसलं, तर फोन तापेल आणि बॅटरी उतरेल. यावर उपाय आहे. डेटा न हलवता फक्त त्याच्या जागेचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. पण ही देवाणघेवाण सांभाळायला कर्नल लागतंच.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. अनेक कॅमेरे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. याला डीएमए म्हणतात. अशा उपकरणाला कुठे लिहायचं हे सांगणारा प्रोग्राम युजरस्पेसमध्ये ठेवला आणि त्याने चुकीचा पत्ता दिला, तर उपकरण कर्नलच्या मेमरीवरही लिहील. म्हणजे चावी काढून घेतली, पण खिडकी उघडी राहिली. ती बंद करायला प्रोसेसरमध्ये आयओएमएमयू नावाचं वेगळं हार्डवेअर लागतं. ते सगळ्या स्वस्त चिप्समध्ये नसतं.

तिसरा मुद्दा सोयीचा. वाशीतल्या दुकानातून कुठलाही वेबकॅम आणा, लॅपटॉपला लावा, तो चालतो. कारण यूएसबी वेबकॅमसाठी यूव्हीसी नावाचं एक ठरलेलं मानक आहे आणि त्याचा एकच ड्रायव्हर कर्नलसोबत येतो. तो कर्नलमध्ये असल्यामुळे कर्नल बदललं की त्यालाही सांभाळून घेतलं जातं. बाहेर ठेवलेले ड्रायव्हर कंपनीने विसरून दिले, की कॅमेरा दोन वर्षांत भंगारात जातो.

कोणी काय मार्ग काढला?

अँड्रॉइड: २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाच्या त्रुटी समोर आल्या. एका मल्टिमीडिया मेसेजमधून फोनवर हल्ला शक्य होता. तेव्हा ऑडिओ, व्हिडिओ, कॅमेरा असं बरंच काम 'मीडियासर्व्हर' या एकाच प्रोसेसमध्ये होत होतं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये गुगलने तिचे तुकडे केले आणि कॅमेऱ्याला स्वतंत्र प्रोसेस दिली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ नंतर फोन बनवणाऱ्या कंपनीचा कॅमेरा कोडही आपल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये जाऊ लागला. हार्डवेअरशी बोलणारा भाग मात्र कर्नलमध्येच राहिला.

विंडोज: ऑगस्ट २०१६ च्या विंडोज १० अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅप आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक युजरस्पेस सेवा बसवली. हेतू चांगला होता. एकच कॅमेरा दोन अ‍ॅपना एका वेळी वापरता यावा, आणि कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ प्रत्येक अ‍ॅपने वेगळा उलगडत बसू नये. पण त्यामुळे अ‍ॅपना कॅमेऱ्याकडून थेट कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ मिळणं बंद झालं. यूएसबी २ च्या तारेतून कॉम्प्रेस न केलेला फुल एचडी व्हिडिओ ३० फ्रेमने मावतच नाही, त्यामुळे अनेक वेबकॅम कॉम्प्रेस केलेलाच व्हिडिओ पाठवतात. परिणामी स्काइपसारख्या अ‍ॅपमध्ये अनेकांचे कॅमेरे गोठायला लागले आणि मायक्रोसॉफ्टला बदल करावा लागला.

अ‍ॅपल: २०१९ पासून कंपनीने बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर कर्नलमधून काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्याचे जुने प्लग-इन थेट अ‍ॅपच्या आत लोड व्हायचे. २०२२ मध्ये त्यांच्या जागी वेगळ्या, बंदिस्त प्रोसेसमध्ये चालणारी एक्स्टेन्शन्स आली.

लिनक्स: हार्डवेअरशी बोलणारा भाग कर्नलमध्ये ठेवायचा आणि चित्र घडवणारा हिशेब युजरस्पेसमध्ये, ही दिशा घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये 'लिबकॅमेरा' हा प्रकल्प जाहीर झाला. आज शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दिसणारा रास्पबेरी पायचा कॅमेरा याच पद्धतीने चालतो.

चारही ठिकाणी उत्तर थोडंथोडं सारखंच येतं. कुणीही सगळं आत ठेवलेलं नाही आणि कुणीही सगळं बाहेर काढलेलं नाही.

'बाहेर' म्हणजे नेहमी 'सुरक्षित' असतं का?

नाही. इथे एक वेगळाच पेच आहे. गुपितांचा.

लिनक्स कर्नलचा परवाना असा आहे, की त्यात जाणारा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. पण फोटो चांगला कसा दिसतो, हेच तर मोबाइल आणि चिप कंपन्यांचं भांडवल आहे. त्यामुळे अनेक कंपन्या कर्नलमध्ये छोटासा निरोप्या ठेवतात आणि खरं काम बाहेरच्या बंद कोडमध्ये करतात. कागदावर ते 'युजरस्पेसमध्ये, म्हणून सुरक्षित' असतं. पण आत काय आहे ते कंपनीशिवाय कुणालाच तपासता येत नाही.

याचा फटका साध्या माणसांना बसला. २०२१ च्या सुमारास आलेल्या काही लॅपटॉपमध्ये यूएसबी वेबकॅमऐवजी मोबाइलसारखा सेन्सर आणि इंटेलचं आयपीयू६ हे चित्र-प्रक्रिया करणारं हार्डवेअर होतं. विंडोजवर तो कॅमेरा चालायचा. लिनक्स टाकलं, की कॅमेरा सापडतच नसे. कारण कर्नलमधला ड्रायव्हर नव्हता आणि बाहेरचा भाग बंद होता. त्या हार्डवेअरच्या एका भागाचा ड्रायव्हर लिनक्सच्या ६.१० या आवृत्तीत आला, जुलै २०२४ मध्ये. तोवर अनेकांनी मुलाखती आणि मीटिंग वेगळा वेबकॅम लावून दिल्या.

आणखी एक गोष्ट. कर्नल आणि युजरस्पेस यांच्याखाली एक तिसरा मजला आहे, तो म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या काळच्या जुन्या मॅकबुकमधल्या वेबकॅमचं फर्मवेअर बदललं, तर हिरवा दिवा न लागता कॅमेरा सुरू करता येतो. ड्रायव्हर कुठेही असला, तरी त्याला याचा पत्ता लागला नसता.

नवी मुंबईतल्या सीसीटीव्हींना हे कितपत लागू होतं?

सोसायटीच्या गेटवरचा आयपी कॅमेरा हा खरं तर एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्यातल्या बहुतेकांत लिनक्सच असतं. फरक एवढाच, की मोबाइलला अपडेट येतात. गेटवरच्या कॅमेऱ्याला आलेले अपडेट कुणी टाकलेत, हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही माहीत नसतं. चिप कंपनीने दिलेलं जुनं कर्नल, त्यात तिचे ड्रायव्हर, आणि ते वर्षानुवर्षं तसंच.

पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. सीसीटीव्हीच्या बाबतीत आजवरचे मोठे घोळ ड्रायव्हरमुळे झालेले नाहीत. २०१६ मध्ये 'मिराई' या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीने घालून दिलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातच्या राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातले महिलांचे व्हिडिओ इंटरनेटवर विकले जात असल्याचं उघड झालं. त्या प्रकरणात महाराष्ट्रातूनही अटक झाली. तिथेही कमकुवत पासवर्डचा मुद्दा पुढे आला.

दार सताड उघडं असेल, तर चोर मीटर रूमचं कुलूप तोडायला जात नाही.

मग सरकारी नियम काय सांगतात?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या. ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. इंटरनेटला जोडले जाणारे कॅमेरे विकायचे असतील, तर कंपन्यांना हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. चाचणी आणि प्रमाणपत्राचं काम एसटीक्यूसी या सरकारी यंत्रणेच्या चौकटीत होतं. कॅमेऱ्यावरचे छुपे चाचणी पोर्ट बंद हवेत, कंपनीची सही नसलेलं फर्मवेअर त्यावर चालता कामा नये, डेटा एन्क्रिप्ट हवा, अशा अटी त्यात आहेत.

ड्रायव्हर कर्नलमध्ये असावा की बाहेर, हा निर्णय मात्र कंपनीच घेते. आणि नियम नव्या विक्रीला लागतो. त्याआधी भिंतीवर चढलेले कॅमेरे तिथेच आहेत.

मग उत्तर काय?

'कर्नल की युजरस्पेस' असा एका शब्दात निकाल लावता येत नाही. पण गेल्या दहा वर्षांचा अनुभव एक नियम सुचवतो. ज्या कामाला हार्डवेअरला हात लावणं भाग आहे, तेवढंच कर्नलमध्ये. बाहेरून आलेली माहिती वाचणं, तिचा अर्थ लावणं, व्हिडिओ उलगडणं, रंग ठरवणं, हे सगळं बाहेर, स्वतंत्र आणि कमीत कमी अधिकार असलेल्या प्रोसेसमध्ये.

सर्बियातल्या फोनमध्ये चूक झाली ती याच दुसऱ्या प्रकारच्या कामात. हार्डवेअर हाताळताना नव्हे, तर अनोळखी उपकरणाने पाठवलेली यादी वाचताना.

यासोबत आणखी दोन उपाय पुढे येत आहेत. एक, जो भाग कर्नलमध्ये ठेवावाच लागेल, तो मेमरीच्या अशा चुका होऊ न देणाऱ्या भाषेत लिहिणं. लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या भाषेला दार उघडलं. दुसरा उपाय आणखी साधा आहे. फोन लॉक असताना नव्याने जोडलेल्या यूएसबी उपकरणाशी बोलायचंच नाही. आयफोनमध्ये अशी सोय २०१८ पासून आहे. बंद दाराआडून कुणी 'मी वेबकॅम आहे' असं सांगत असेल, तर आधी घरमालकाला उठू द्यावं.

तुम्ही काय करू शकता?

मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट'ची तारीख पाहा. ती ५ फेब्रुवारी २०२५ किंवा त्यानंतरची असेल, तर वेबकॅम ड्रायव्हरची ही त्रुटी तुमच्या फोनमध्ये दुरुस्त झालेली असायला हवी. तारीख त्याआधीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनमध्ये बँकेचं अ‍ॅप ठेवावं का, याचा विचार करा.

सोसायटीच्या पुढच्या सभेत नवे कॅमेरे घ्यायचा विषय निघाला, तर किमतीआधी चार प्रश्न विचारा. या मॉडेलला एसटीक्यूसीच्या चौकटीतलं प्रमाणपत्र आहे का? फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे कंपनी लेखी देते का? ते अपडेट टाकण्याची जबाबदारी देखभालीच्या करारात कुणाची आहे? आणि कॅमेरा बसवून गेलेल्या माणसाने घातलेला पासवर्ड कुणी बदलला?

शेवटच्या प्रश्नावर सभा शांत झाली, तर ड्रायव्हरची चर्चा नंतर करा. आधी पासवर्ड बदलून घ्या.